‘नैसर्गिक निवड’मधली निवड नेमकी कोणाची?

माळरानी:
भाचीला ‘अनुकूलन’ समजावताना मी म्हणून गेले की झाडं परिस्थितीशी जुळवून घेतात, तर तिने लगेच विचारलं, मग कुसळी गवताला कोणी सांगितलं की कुसळ वाढव म्हणून? गप्पच बसले. जुळवून घेणं म्हटलं की मला तर नवीन सूनच डोळ्यासमोर येते. आणि ‘नैसर्गिक निवड’ म्हणावं तर निवडणारा कोण? दुसरा शब्द आहे का?

चिंचगूळ:
शब्द बरोबरच आहे हो, तुमच्या डोक्यात निवडणूक आली म्हणून घोळ झाला. आपल्याकडे तांदूळ निवडतात तसं बघा. खडे, किडके दाणे काढून टाकतो, चांगला दाणा काही आपण बनवत नाही. गवतातही आधीपासून थोडाफार फरक असतोच, कुणाचं कुसळ लांब कुणाचं आखूड, ज्याचं बी जमिनीत नीट रुतलं ते वणव्यातूनही वाचलं, त्याची रोपं जास्त आली, असं पिढ्यान् पिढ्या चालू. एकेक रोप काही बदलत नाही, ताटातला तांदूळ बदलतो. बाकी वाळलेलं कुसळ बशीत पाण्यात टाकून बघा, पीळ सुटायला लागतो आणि ते आपोआप गोल फिरतं, वाळलं की परत पीळ बसतो. बियाच्या टोकाला उलटे केस असतात त्यामुळे ते आतच सरकतं, मागे येत नाही. (मोज्यात गेलेलं का निघत नाही ते कळलं असेल.)

माळरानी:
पण ताटासमोर कोणीतरी बसलेलं असतंच ना?

पावशेर:
अगदी हाच आक्षेप वॉलेसने (डार्विनसारखीच नैसर्गिक निवडीची कल्पना स्वतंत्रपणे मांडणारा निसर्गअभ्यासक) 1866 मध्ये डार्विनला पत्रात कळवला होता, की ‘सिलेक्शन’ म्हटलं की लोकांना निवडणारा दिसायला लागतो. त्याने तत्त्वज्ञ स्पेन्सरचं ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’, म्हणजे परिस्थितीला जो योग्य तो टिकतो, हे सुचवलं आणि डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या आपल्या पुस्तकाच्या 1869 च्या आवृत्तीत ते घेतलंही. आपल्याकडे त्याचं ‘बळी तो कान पिळी’ करून टाकतात ते मात्र डोक्यात जातं. कुसळात कसलं आलंय बळ!

मला ‘चाळणी’ बरी वाटते. चाळणीला डोकं नसतं, नुसती भोकं. देवभात, म्हणजे रानभात बघा, दाणा पिकला की झडतो, रानात तेच फायद्याचं कारण बी आपोआप पसरतं. शेतात उलटं, झडलेला दाणा मातीत गेला आणि लोंबीला धरून राहिलेलाच घरी आला, तोच पुढच्या वर्षी पेरला, म्हणून आपल्या भाताचा दाणा झोडपल्याशिवाय पडत नाही. गुण एकच, चाळण्या दोन.

माळरानी:
कुसळ खरंच फिरलं! चाळणीही पटली तिला. परीक्षेत अनुकूलनाच्या जागी चाळणी लिहू का म्हणत होती, म्हटलं तिथे गुपचूप अनुकूलनच लिही.