मदत हवी आहे: सॉफ्टवेअर सपोर्टमध्ये प्रश्न कसा विचारावा, उत्तर कसं द्यावं

धागाकर्ता: रिकामी_रांग

मंडळी, सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन मदतकक्षात नव्याने येणाऱ्यांसाठी सूचना लिहायच्या आहेत. 'नीट माहिती द्या' एवढं लिहून भागत नाही, कारण नीट म्हणजे काय हेच विचारणाऱ्याला ठाऊक नसतं. म्हणून पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेबद्दलचा एक नमुना प्रश्न घेऊन त्याची चिरफाड करायची आहे:

"पायथनमधला प्रोग्रॅम काही फायली वाचतो, काही वाचत नाही. एरर येते. खूप अर्जंट आहे, कोणीतरी प्लीज सांगा."

यात नेमकं काय राहिलंय? आणि असा प्रश्न आलाच, तर पहिलं उत्तर काय द्यावं?

हलन्त

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे एररचा मजकूर. 'एरर येते' यावरून काहीच कळत नाही. पायथनचा ट्रेसबॅक, म्हणजे एरर आल्यावर पायथन छापतो तो सगळा तपशील, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जसाच्या तसा, मजकूर म्हणून चिकटवायला सांगा. चूक कोणती हे शेवटच्या ओळीत असतं आणि कुठे झाली ते तिच्या वर, त्यामुळे दोन्ही लागतात. स्क्रीनशॉट नको. त्यातला मजकूर शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला वाचताही येत नाही. विंडोजच्या साध्या एरर खिडकीवर कंट्रोल सी दाबलं तरी आतला मजकूर कॉपी होतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सूचनांमध्ये जरूर घाला.

तुमच्या नमुन्यात समजा शेवटच्या ओळीत युनिकोडडिकोडएरर आहे, चारमॅप कोडेकला (बाइटवरून अक्षरं ओळखणाऱ्या भागाला) पाचव्या पोझिशनवरचा ८डी हा बाइट (फाइलमधला साठवणीचा एक घटक) वाचता येत नाही असं म्हटलंय आणि फाइलची सुरुवात 'प्रिया' या नावाने होते. एवढ्यावर निदान होतं. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत 'प'चे तीन बाइट, मग हलन्ताचे (पाय मोडण्याच्या चिन्हाचे) तीन: ई०, ए५, ८डी. मोजणी शून्यापासून, म्हणून ८डी पाचव्या पोझिशनवर. फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे, पण पायथन ती विंडोजच्या सीपी१२५२ या अक्षरांच्या तक्त्यानुसार वाचतोय आणि त्या तक्त्यात ८डी ला अक्षरच नाही. पहिल्या उकाराचा शेवटचा बाइट ८१, 'झ'चा ९डी. तेही तिथे रिकामे. 'कमल' किंवा 'सागर' यांत असा एकही बाइट नाही, म्हणून त्या फायली एररशिवाय उघडतात. मात्र आतला मजकूर तिथेही बिघडलेलाच असतो. 'काही फायली वाचतो' याचा उलगडा हा. विचारणाऱ्याला ती फाइल चालली असं वाटतं, पण ती चाललेली नसते.

तिसरा_कंस

@हलन्त, पटलं. ऑपरेटिंग सिस्टिम आणि आवृत्ती का विचारायची, हेही याच उदाहरणातून सांगता येईल. लिनक्स आणि मॅकवर बहुधा यूटीएफ-८ च डीफॉल्ट असतं, त्यामुळे तिथला माणूस तोच कोड चालवून 'माझ्याकडे तर चालतंय' म्हणतो आणि धागा तिथेच अडकतो. पायथन ३.१५ पासून विंडोजवरही यूटीएफ-८ डीफॉल्ट करायचं ठरलंय, म्हणजे आवृत्तीने उत्तर बदलणार. आवृत्ती टर्मिनलमध्ये न बघता प्रोग्रॅममध्येच सिस डॉट व्हर्जन छापून बघायला सांगा. एकाच मशीनवर दोन पायथन असले की टर्मिनल एक सांगतं आणि एडिटर दुसराच वापरत असतो.

नमुना छोटा करायला शिकवणं सगळ्यात फायद्याचं. चारशे ओळींचा कोड कोणी वाचत नाही. अर्धा काढा, एरर टिकली तर उरलेल्याचा अर्धा काढा, गेली तर काढलेलं परत घाला. इथे शेवटी तीन ओळींचा कोड आणि दोन एकओळी फायली उरतील: एकीत 'प्रिया', दुसरीत 'कमल'.

एक धोका मात्र ठळक लिहा. खरी नावं, फोन नंबर काढलेच पाहिजेत, पण त्यांच्या जागी रोमन लिपीतली नावं घातली तर ही एरर गायब होते! म्हणून डेटा बदलल्यावर कोड पुन्हा चालवायचा आणि तीच एरर येतेय याची खात्री करूनच प्रश्न टाकायचा. डोमेन लपवायचं असेल तर एक्झाम्पल डॉट कॉम वापरा, ते उदाहरणांसाठीच राखीव आहे. आयपी पत्त्यासाठी १९२.०.२ ने सुरू होणारे पत्ते तसेच राखीव आहेत. पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी ऑनलाइन सेवा वापरायची गुप्त किल्ली) चुकून प्रसिद्ध झाली, तर पोस्ट उडवून भागत नाही. ती की रद्द करून नवी घ्यायची.

अर्धविराम

उत्तर देणाऱ्यांबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. या प्रश्नाला हमखास येणारं घातक उत्तर म्हणजे 'ओपनमध्ये (फाइल उघडणाऱ्या फंक्शनमध्ये) एरर्सची किंमत इग्नोर ठेवा', म्हणजे न वाचता येणारे बाइट गुपचूप गाळा. एरर जाते, विचारणारा धन्यवाद म्हणतो आणि मोडलेली नावं पुढे डेटाबेसमध्ये जातात. योग्य उत्तर: ओपन फंक्शनच्या एन्कोडिंग पॅरामीटरला 'यूटीएफ-८' द्या. सोबत हे केल्याने काय बदलतं, कोणत्या आवृत्तीवर चालवून पाहिलं, की नुसता अंदाज आहे, तेही लिहा. अंदाज देण्यात काही गैर नाही, फक्त तो अंदाज आहे हे समोरच्याला कळलं पाहिजे. फायली पुसणारी किंवा परवानग्या बदलणारी कमांड देताना ती काय करते आणि उलटवता येते का, हे कमांडच्या आधी लिहा. घाईतला माणूस आधी कमांड चालवतो, खालची सूचना नंतर वाचतो.

माहिती अपुरी असेल तर 'आधी शोधा ना' म्हणू नका, नेमकी मागा. एका वेळी दोनच गोष्टी, आणि त्या कशा मिळवायच्या तेही सांगा. आठ प्रश्न एकदम विचारले की माणूस परत येत नाही. नमुन्याला माझं पहिलं उत्तर असं असेल: "ट्रेसबॅक पूर्ण चिकटवा, आणि सिस डॉट व्हर्जन काय छापतं ते सांगा. काही फायली चालतात म्हणताय, त्यांतला मजकूर छापून बघा, बरोबर दिसतोय का?"

'अर्जंट' हा शब्द काढायलाच सांगा. उत्तर देणारे फावल्या वेळात देतात. निकड खरी असेल तर तिचं कारण एका वाक्यात द्यावं, म्हणजे तात्पुरता उपाय चालेल की कायमचा हवा हे कळतं.

रिकामी_रांग

सगळ्यांचे मनापासून आभार. सुधारलेला नमुना असा ठेवतोय (सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर फाइल):

"विंडोज ११, पायथन ३.१२. देवनागरी नावांची सीएसव्ही वाचून यादी छापायची आहे. 'प्रिया' असलेली फाइल उघडताना युनिकोडडिकोडएरर येते, 'कमल' असलेली उघडते पण अक्षरं चुकीची दिसतात. तीन ओळींचा कोड, दोन्ही फायली आणि पूर्ण ट्रेसबॅक खाली देत आहे. फायली नव्याने सेव्ह करून पाहिल्या, फरक पडला नाही."

आणखी काही राहिलं का?

हलन्त

फाइल कशातून सेव्ह केली ते राहिलं. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून केली असेल तर सुरुवातीला तीन अदृश्य बाइट असतात. मग नुसत्या 'यूटीएफ-८'ने एरर जाईल, पण पहिल्या स्तंभाच्या नावाला एक न दिसणारं अक्षर चिकटेल आणि त्या नावाने शोधलं की कीएरर, म्हणजे 'असं नावच नाही' ही एरर, येईल. तिथे 'यूटीएफ-८-सिग' द्यायचं. आणि 'नव्याने सेव्ह करून पाहिल्या' ऐवजी कोणत्या प्रोग्रॅममधून, कोणता प्रकार निवडून, ते लिहा.