मदत हवी आहे: अंजनाची रोपं शेंड्याकडून वाळताहेत, उपटायची की ठेवायची?

नमस्कार मंडळी. पारोळा तालुक्यात आमच्या गावाच्या गायरान टेकडीवर मागच्या जुलैत आम्ही 60 अंजन लावले. बाकी कडुनिंब आणि करंज आहेत, ते ठीक आहेत. प्रश्न फक्त अंजनाचा आहे. सातपुड्याचं हे झाड आपल्या उन्हाला पुरून उरतं, म्हणून मुद्दाम निवडलं.

जमीन मुरमाड, माती जेमतेम फूटभर. ग्रामपंचायतीचा ठराव झालेला आहे. उतारावर समतल चर खोदलेत, शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलंय, आळ्यात गवताचं आच्छादन आहे. फेब्रुवारीपर्यंत आठवड्याला कळशीभर पाणी घातलं. पुढे विहीर आटते आणि टँकर परवडत नाही, त्यामुळे 'पाणी वाढवा' हा उपाय आमच्याकडे नाही. वाळवीही तपासली, दिसली नाही.

आता निम्म्याहून जास्त रोपांचे शेंडे काडीसारखे मोडतात. पण बुंध्याशी नखानं खरवडलं तर आत हिरवं आहे. एक रोप उकरून पाहिलं: वर वीतभर, खाली मूळ हातभर, तेही टोकाला पिशवीतल्यासारखं वेटोळं झालेलं. जीव हळहळला.

अंजन आधी मूळ खोल नेतो आणि वरचा भाग वाळून पुन्हा फुटतो, हे वाचलंय. पण वेटोळ्या मुळाचं रोपही असं सावरतं का? ज्यांनी स्वतः अंजन वाढवलाय त्यांनी सांगावं: ही रोपं पावसाळ्यापर्यंत तशीच ठेवू, की यंदा मे महिन्यात पडणारं बी गोळा करून जूनमध्ये थेट चराच्या बांधावर टोकू?