‘ऋणे सोड’ की ‘अपराधांची क्षमा कर’?

अडलेला अनुवादक: एका इंग्रजी लेखातली वृद्धा बहिणीशी कित्येक वर्षे बोललेली नाही. रोज रात्री ती येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना पुटपुटते आणि क्षमेच्या ओळीवर तिचा आवाज अडकतो. आईने शिकवली तशी मी ती ओळ ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’ अशी लिहिली. परंतु ‘ऋण’ हा हिशेबाचा शब्द असल्याने ‘अपराधांची क्षमा कर’ असे करावे, असे संपादकांनी कळवले आहे.

ग्रीकप्रेमी: ही प्रार्थना बायबलमधल्या मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांत आहे, आणि संपादक मत्तयालाच सुधारू पाहत आहेत. मत्तय 6:12 मध्ये मुळातच ऋण आहे. लूक 11:4 मध्ये पाप आहे, पण तिथेही पुढे ऋणी येतोच. येशूच्या अरामी भाषेत ऋण आणि पाप या दोहोंना एकच शब्द होता.

शब्दवेडा: हे मान्य, पण मराठी कानाला ऋण गोड लागते. ‘आपल्या ऋणातच राहू इच्छितो’ असे म्हणून आपण आभार मानतो, त्यामुळे ‘ऋण सोड’ मला कृतघ्नतेसारखे ऐकू येते. साधे ‘माफ कर’ का नको?

शुद्धमती: ‘माफ’ अरबीतून आलेला आहे, म्हणून तो प्रार्थनेत नको.

जुनी वही: मग ‘कर्ज’ही अरबीच; तेही विसरा! माझ्या मते शब्दाची सारी ताकद ‘सोड’ या क्रियापदात आहे. ‘क्षम्’ म्हणजे सहन करणे. सहन करणारा माणूस मनातला हिशेब तसाच ठेवू शकतो. माझ्या वडिलांनी उसनवारीच्या वहीत एका नावावर आडवी रेघ मारली आणि ते एवढेच म्हणाले, “सोडले.” मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थही सोडून देणे, जाऊ देणे असाच आहे.

अडलेला अनुवादक: आता वाटते की माझी अडचण नामाची नव्हतीच. मत्तयात ‘सोडले आहे’ असे आहे, लूकमध्ये ‘सोडतो’. त्या बाईने अजून काहीच सोडलेले नाही, म्हणून पहिल्या रूपात ती रोज खोटे बोलते आणि तिथेच अडखळते; तरीही लहानपणापासून पाठ असलेल्या बाकीच्या ओळी विचार न करता ओठांवर येतात, आणि त्यांच्याच आधाराने तिला झोप लागते. ‘सोडतो’ लिहिले तर तिचे अडखळणेच निघून जाईल.

शुद्धमती: ते असो, पण ‘आम्हांस’वरचा अनुस्वार तरी राहू द्या, अनेकवचनी सामान्यरूपावर तो हवाच.

शब्दवेडा: ‘आम्हांस’ आज बोलते कोण? ‘आम्हाला’ लिहा.