खडा पडला, वॉरंटीही गेली: तपासणीला १९ दिवस उशीर झाला म्हणून दुकानाची जबाबदारी संपते का?

शिंपला (धागा सुरू करणारी)

आमच्या लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा नवऱ्याने अंगठी घेऊन दिली. १८ कॅरट पांढरं सोनं, मधे एकच हिरा, त्याला धरणाऱ्या चार नख्या. काउंटरवरच्या मुलीने दोनदा सांगितलं होतं, "खड्याला आजीवन वॉरंटी आहे, पडला तर आम्ही नवा बसवून देऊ." जवळपास तशीच अंगठी दुसऱ्या दुकानात पाहिली होती, पण तिथे असं काही आश्वासन नव्हतं. या एका वाक्यावर आम्ही इथली घेतली.

वॉरंटीच्या कार्डावर मागच्या बाजूला अट होती: दर सहा महिन्यांनी त्याच दुकानात तपासणी आणि कार्डावर शिक्का. पहिली तपासणी वेळेत केली. दुसरीच्या वेळी आई दवाखान्यात होती, म्हणून १९ दिवस उशिरा गेले. दुकानाने अंगठी आत नेली, अर्ध्या तासाने उजळून परत दिली आणि "सगळं घट्ट आहे" असं सांगितलं. शिक्का मारला का, हे मी पाहिलं नाही. वॉरंटी संपली आहे असं तेव्हा कोणीही म्हणालं नाही.

त्यानंतर नऊ आठवड्यांनी कपड्यांच्या घड्या घालताना अंगठी लोकरीत अडकली. सोडवून पाहते तर मधे नुसती पोकळी. घर झाडलं, व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी कागदावर ओतून चाळली. खडा मिळाला नाही.

आता दुकान म्हणतं, बाराव्या महिन्यातच वॉरंटी रद्द झाली, नंतरची तपासणी आम्ही "सेवा म्हणून" केली.

माझं म्हणणं एवढंच आहे. तपासणीची अट असते ती नख्या सैल झाल्या तर वेळेत कळावं म्हणून. त्यांच्याच माणसाने नख्या पाहिल्या आणि ठीक आहेत म्हणून सांगितलं. मग माझ्या १९ दिवसांमुळे बिघडलं काय?

हिशेबी

ताई, वाईट वाटलं वाचून. तरी मी दुकानाच्या बाजूने आहे. अट लपवलेली नव्हती, कार्डावर छापलेली होती आणि पहिल्या खेपेला तुम्ही ती पाळलीत, म्हणजे माहीतही होती. हरवलेल्या खड्याच्या जागी नवा देणं ही साधी दुरुस्ती नाही, जवळजवळ विमा आहे, आणि विम्यात तारखेला अर्थ असतो. आज १९ दिवस सोडले तर उद्या ४० दिवसवाला विचारेल, माझंच का अडवता? त्याचा खर्च शेवटी वेळेवर जाणाऱ्या ग्राहकांवरच पडतो.

पायवाट

हिशेबी, विम्याचा हप्ता चुकला तर कंपनी कळवते. इथे ग्राहक स्वतः दुकानात उभी असताना कोणी तोंड उघडलं नाही. कळलं असतं तर तिने त्याच दिवशी वेगळा विमा काढला असता किंवा अंगठी रोज घालणं थांबवलं असतं. गप्प राहून तिची ती संधी घालवली, यालाच माझा आक्षेप आहे.

माझाही अनुभव आहे. अंगठीचं माप मोठं करायचं होतं, दुकान तीन आठवडे मागत होतं, म्हणून घराजवळच्या सोनाराकडून करून घेतलं. वर्षभराने बाजूचा बारीक खडा पडला. मापाच्या जोडाशी त्याचा संबंध नव्हता, जोड खाली, खडा वर. तरीही "बाहेर काम केलंत" म्हणून वॉरंटी बंद.

जडकाम

बावीस वर्षं खडे जडवतो आहे, त्यामुळे दोघांनाही थोडं विरोधी बोलणार आहे.

पायवाट, जोड खाली असला तरी संबंध असू शकतो. माप वाढवताना कडं कापतात, ताणतात, मधे तुकडा घालून झाळतात. कड्याचा गोल बदलला की वरच्या भागावर ताण येतो, आणि बारीक खड्यांची ओळ असेल तर तो ताण त्यांच्या बैठकींपर्यंत जातो. उष्णतेचं वेगळंच. पन्न्यातल्या भेगा बहुधा तेलाने भरलेल्या असतात, आच लागली की तेल जातं आणि भेगा दिसू लागतात. शिशाच्या काचेने भरलेलं माणिक तर झाळण्याच्या ज्योतीपुढे खराबच होतं. म्हणून बाहेरच्या कामाची अट मला अन्यायाची वाटत नाही. आधीच्या माणसाने आत काय करून ठेवलं ते मला दिसत नसेल तर मी त्याची हमी कशी देऊ?

आता शिंपलाताईंचं. अंगठीइतका मार दुसरा कुठला दागिना खात नाही. दाराच्या मुठी, पिशव्यांचे बंद, भांडी. नखीचं टोक खड्यावर वळवलेलं असतं, ते झिजून चपटं होतं, मग एखादा धागा त्याखाली शिरतो आणि नखी उचलली जाते. तपासणीच्या दिवशी घट्ट असलेली नखी दुसऱ्या दिवशी मोटारीच्या दारावर आपटून वाकू शकते. नऊ आठवडे म्हणजे बराच काळ झाला. तपासणाऱ्याने खोटं सांगितलं असं त्यावरून ठरत नाही.

शिंपला

जडकाम, ते खोटं बोलले असं मी म्हणत नाहीये. मी उलट म्हणते आहे: त्यांचा शब्द खरा धरा. नख्या ठीक होत्या, म्हणजे माझ्या उशिराने कोणतंही नुकसान झालं नव्हतं. मग वॉरंटी रद्द करायला नुसती तारीख उरते. आणि नख्या ठीक नव्हत्या तर तपासणी नीट झाली नाही. यातलं एक काहीतरी दुकानाने स्वीकारायला हवं.

हिशेबी

तारीख "नुसती" नसते. करार तारखेवरच चालतो. मात्र पायवाट यांचा एक मुद्दा मान्य. अंगठी हातात घेताना त्यांनी सांगायला हवं होतं. माझ्या दृष्टीने ती त्यांची चूक आहे, पण त्या चुकीची भरपाई म्हणजे आख्खा हिरा, हे पटत नाही.

कलमवाचक

इथे दोन गोष्टी एकत्र होत आहेत. वॉरंटी म्हणजे दुकानाने स्वतःहून दिलेलं वचन, त्याला अटी ते घालू शकतात. पण वस्तू मुळात सदोष असेल तर तो वेगळा प्रश्न आहे, आणि तिथे सहसा कार्डावरच्या शिक्क्याने विक्रेत्याची सुटका होत नाही. शिंपला, तुम्ही सगळा जोर वॉरंटीवर देत आहात. आधी विचारा, अंगठी घडवतानाच काही चुकलं होतं का?

"आजीवन" या शब्दाबद्दलही लिहितो, कारण फसगत तिथून सुरू होते. कोणाचं आयुष्य? कुठे खरेदी करणाऱ्याचं, कुठे दागिन्याचं, आणि दुकान बंद पडलं तर काही हाती राहत नाही. बहुतेक वॉरंट्यांमध्ये झीज, आपटणं, हरवणं, चोरी हे सगळं वगळलेलं असतं. तुमच्या कार्डात पडलेल्या खड्याची जबाबदारी घेतली आहे, हे चांगलं आहे. हिऱ्यासोबत प्रयोगशाळेचा अहवाल मिळाला असेल तर तोही हमी समजू नका. हिरे तपासणारी जीआयएसारखी संस्था अहवालावरच लिहिते की ही हमी नाही आणि किमतीचं मूल्यांकनही नाही. मात्र नवा खडा मिळाला तर कडेवर लेसरने कोरलेला क्रमांक असेल तो भिंगाखाली अहवालाशी ताडून घ्या.

रानवारा

थोडं विषयांतर. माझी पांढऱ्या सोन्याची अंगठी सव्वा वर्षात पिवळसर दिसायला लागली. दुकान म्हणतं, हा दोष नाही, वॉरंटीत बसत नाही. हे खरं आहे का?

जडकाम

खरं आहे. पांढरं सोनं आतून पूर्ण पांढरं नसतं. १८ कॅरट म्हणजे ७५ टक्के सोनं, त्याचा रंग पिवळाच. निकेल किंवा पॅलेडियम मिसळून तो फिका करतात आणि वर ऱ्होडियमचा पातळ थर चढवतात. रोज वापरलं की वर्षा-दोन वर्षांत थर उडतो, पुन्हा चढवता येतो. दोष नाही, पण विकताना न सांगणं मला अजिबात मान्य नाही. गिऱ्हाईक त्या शुभ्र रंगाकडे पाहूनच घेतं. पोहताना अंगठी काढत जा, तलावातलं क्लोरीन सोन्यातल्या इतर धातूंना खातं, आणि निकेलवालं पांढरं सोनं त्याने तडकू शकतं.

शिंपलाताई, कलमवाचक म्हणाले ते महत्त्वाचं आहे. अंगठी कोणाकडेही दुरुस्तीला देऊ नका, उजळूही देऊ नका. पुरावा त्या चार नख्यांवर आहे. दहापट भिंगाखाली प्रत्येक नखीचा फोटो काढा, बाहेरून आणि आतून. आतल्या बाजूला एक खाच दिसेल, खड्याची कड तिच्यात बसते. झिजलेली नखी टोकाला पातळ, गुळगुळीत आणि चपटी असते. आपटलेलीवर बाहेरून चट्टा असतो. खाच किती खोल आहे, हे नक्की लिहा.

शिंपला

काढले. ओळखीच्या घड्याळजींचं भिंग मिळालं. तीन नख्या सरळ, टोकं गोल, झिजल्यासारखी वाटत नाहीत. चौथी बाहेर वाकली आहे आणि बरोबर खाचेपाशीच वाकली आहे, टोकापाशी नाही. बाहेरून चट्टा नाही. तिची खाच इतर तिघींपेक्षा खोल आहे, डोळ्यांना अर्ध्याहून जास्त आत गेल्यासारखी वाटते. खाचेत बारीक चीरही आहे.

जडकाम

मग मला माझं आधीचं बोलणं बदलावं लागेल. खाच साधारण नखीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी पुरते. अर्ध्याच्या पुढे कापली की नखी तिथेच कमजोर होते, वर कितीही छान वळवली तरी. घाईने खाच कापताना असं होतं. माझ्याही हातून सुरुवातीच्या काळात झालं आहे, उस्तादांनी ती अंगठी माझ्यासमोर मोडून पुन्हा करायला लावली होती. असा दोष पहिल्या दिवसापासून असतो, सहा महिन्यांनी तयार होत नाही. आणि खडा जागेवर असताना खाच कडेखाली झाकलेली असते, म्हणून तपासणाऱ्याला ती दिसलीच नसेल. वरून हलवून पाहिलं तर घट्टच लागलं असेल.

म्हणजे तुम्ही वेळेवर गेला असतात तरी खडा पडलाच असता.

पायवाट

हे शेवटचं वाक्य दुकानाच्या मॅनेजरला वाचून दाखवायला हवं.

हिशेबी

थांबा. फोटोवरून आणि ग्राहकाच्याच वर्णनावरून दुकान मान्य करणार नाही, आणि त्यांच्या जागी मीही केलं नसतं. चीर लोकरीत अडकल्यावर ताणाने पडली असंही ते म्हणू शकतात. दुकानाशी संबंध नसलेल्या एखाद्या कारागिराकडून मोजमाप घेऊन लेखी घ्या: चारही नख्यांची जाडी, चारही खाचांची खोली. तीन खाचा बरोबर आणि एकच खोल निघाली तर मी माझं मत बदलेन. तारखेबद्दलचं नाही. पण दोष घडणीतला असेल तर तारीख लागूच होत नाही, हे मान्य करेन.

कलमवाचक

आणि बोलणी तोंडी नको. लेखी विचारा की उशिरा केलेल्या तपासणीची नोंद कुठे आहे, कोणी केली, काय आढळलं. अंगठी आत नेताना पावती दिली असेल तर ती शोधा. "सेवा म्हणून" केलं असं ते लिहून देत असतील तर तेही घ्या.

शिंपला

पावती सापडली. नवऱ्याच्या पाकिटात होती. त्यावर तारीख आहे आणि खाली हाताने लिहिलेलं आहे: "नख्या तपासल्या, घट्ट, वॉरंटी तपासणी क्र. २."

मोजमापासाठी एका कारागिराकडे शुक्रवारची वेळ घेतली आहे. तो दुकानाला ओळखत नाही, आधीच विचारून घेतलं. जडकाम, तुम्ही सांगितलेली जाडी आणि खोली दोन्ही लिहून मागते. शनिवारी दुकानात जाते, मग इथे लिहिते.