पंधरा हजारांत बीट: ड्रम मशीन की पॅडवाला कीबोर्ड?

कुर्ला_लूप
धाकटा भाऊ मराठीत रॅप लिहितो. इतके दिवस यूट्यूबवरच्या आयत्या बीटवर बोलायचा, आता स्वतःचे बीट हवेत. बजेट १५ हजार, घरात जुना लॅपटॉप आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग शिव्या घाला. एवढ्या पैशांत ड्रम मशीन घेणं चूक. अकाय एमपीके मिनीसारखा २५ पट्ट्यांचा, आठ पॅडचा कंट्रोलर (स्वतःचा आवाज नसलेला, लॅपटॉपला जोडून वाजवायचा) घ्यावा आणि उरलेल्यात बरे हेडफोन.

कारण ८०८, म्हणजे रोलंडच्या जुन्या टीआर-८०८ चा आवाज. ट्रॅपमध्ये (हिपहॉपचाच एक प्रकार) ८०८ चा किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, नुसता ठोका राहिलेला नाही, तोच बेस असतो. गाणं काळी दोनमध्ये असेल तर किकही त्याच सुरात फिरवावा लागतो, आणि त्याला पट्ट्या लागतात. स्वस्तातल्या मशीनमध्ये बेहरिंगर आरडी-६ चं नाव सगळे घेतात, पण ती रोलंडच्याच टीआर-६०६ ची नक्कल आहे. ६०६ चा किक आखूड, घुमत नाही. ८०८ चे सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज, तर फुकट पडलेत.

सोळा_पॅड
अजिबात पटलं नाही. ज्या ८०८ चे गोडवे गाताय ते मशीनच होतं ना? रोलंडने १९८० मध्ये काढलं, किंमत ११९५ डॉलर, आणि १९८३ मध्ये बंदही केलं. ‘खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही’ म्हणून लोकांनी नाकं मुरडली. मग ते सेकंडहँड बाजारात पडत्या भावात आलं आणि खिशात पैसे नसलेल्या पोरांच्या हाती लागलं.

एसपी-१२०० हे सॅम्पलिंग करणारं ड्रम मशीन घ्या, १९८७ चं. सॅम्पलिंगला सगळे मिळून जेमतेम दहा सेकंद. म्हणून पोरं ३३ ची रेकॉर्ड ४५ वर पळवून सॅम्पल घ्यायची आणि मशीनमध्ये पुन्हा हळू करायची. त्या जुगाडातून जो खरखरीत आवाज आला त्यासाठी आज लोक प्लगइन विकत घेतात. तुमचा भाऊ लॅपटॉपवर पाचशे स्नेअर ऐकण्यात रविवार घालवेल. त्याला पीओ-३३ हे खिशात मावणारं सॅम्पलिंग मशीन द्या. ४० सेकंद सॅम्पलिंग, दोन ट्रिपल-ए सेल, लोकलमध्ये बसून बीट.

कुर्ला_लूप
आणि संध्याकाळी सहाच्या लोकलमध्ये बसायला जागा तुम्ही देणार का?

धूळखात_कॅसिओ
😂 पीओ-३३ मजेदार आहे, वाद नाही. पण त्याला मिडी (वाद्यं आणि लॅपटॉप एकमेकांशी जोडायची सोय) नाही आणि बटणं हलकं-जोरात ओळखत नाहीत. किक, स्नेअर, हॅट वेगवेगळे बाहेर काढायचे तर एकेक वाजवून लॅपटॉपवर रेकॉर्ड करत बसा. पहिलंच यंत्र म्हणून मी नाही सुचवणार.

पण कुर्ला_लूप, तुमच्या हिशोबात सॉफ्टवेअर कुठे आहे? बीट बनवायच्या एफएल स्टुडिओची ट्रायल सेव्ह करू देते, पण तो प्रोजेक्ट पुन्हा उघडू देत नाही. सगळ्यात स्वस्त फ्रूटी आवृत्ती घेणार असाल तर त्यात आवाज रेकॉर्ड करून ट्रॅकवर टाकता येतो का ते आधी बघा, पोरगा तर रॅपर! येत नसेल तर प्रोड्यूसर आवृत्ती लागणार. नाहीतर रीपर घ्या, त्याचं वैयक्तिक लायसन्स ६० डॉलर. बँडलॅब फुकट.

आणि हेडफोन वायरचेच. मी ब्लूटूथवर तीन महिने बीट बसवले. पॅड मारला की आवाज मागून यायचा, मला वाटायचं माझा हातच लयीत नाही. वायर लावली आणि हात सुधारला! विंडोज असेल तर असिओ ड्रायव्हर टाका, आवाजाचा उशीर कमी होतो; त्यात बफर १२८ च्या आसपास ठेवा.

सोळा_पॅड
लेटन्सी (आवाजाचा उशीर), ड्रायव्हर, लायसन्स... मशीनला हे काही लागत नाही. माझी अर्धी केस तुम्हीच लढवली. शिवाय अकायच्या एमपीसी या पॅडवाल्या मशीनचा स्विंग, म्हणजे लयीचं डुलणं, लॅपटॉपला येत नाही.

धूळखात_कॅसिओ
येतो. एमपीसी ६० ज्याने घडवलं त्या रॉजर लिनचा स्विंग म्हणजे प्रत्येक दुसरा सोळांश ठोका थोडा उशिरा. ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ म्हणजे जवळपास ट्रिपलेट, एका ठोक्याचे तीन सारखे भाग. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये बसतं. आणि हिपहॉप प्रोड्यूसर जे डिला याचं एमपीसी ३००० आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे, पण त्याचे ठोके जे डुलतात ते नुसत्या मशीनमुळे नव्हे, त्याच्या कसबामुळे.

ऑक्टापॅडवाला
एवढ्या वेळात कुणी विचारलं का, पोराचा हात बसलाय का? मी बेंजो पार्टीत वाजवतो. आमचा रोलंड एसपीडी-२०, त्याच्या मागे मिडी आउट आहे. पाच पिनची मिडी ते यूएसबी वायर लावली की तोच लॅपटॉपचा ड्रम कंट्रोलर. आठ पॅड मोठे, काठीने वाजवायचे, हलकं-जोरात चोख ओळखतो. मिनी कीबोर्डच्या त्या चिमुकल्या रबरी पॅडवर सफाईने रोल काढून दाखवा मला. मुंबईत ऑक्टापॅडवाले गल्लोगल्ली आहेत, आणि तुम्ही परदेशी खेळण्यांवर भांडताय.

कुर्ला_लूप
दादा, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण ८०८ चा बेस कशावर वाजवायचा?

ऑक्टापॅडवाला
त्याला कीबोर्ड लागेलच, तिथे तुमचं बरोबर. पॅडचा हट्ट सोडा, साध्या २५ पट्ट्यांचा जुना बघा. बेंजो नाशिक बाज्याला लागला की ठेका कसा पुढे झुकतो ते कीबोर्डच्या पॅडवर नाही शिकता येत. ते हाताला यायला हवं, मग रॅपखाली घाला नाहीतर कशाखालीही घाला.

सोळा_पॅड
म्हणजे शेवटी यंत्रच जिंकलं.

कुर्ला_लूप
तुम्ही गप्प बसा हो. भावाला सगळं वाचून दाखवलं. तो म्हणतोय, ऑक्टापॅड आठ दिवस वापरायला मिळेल का?

ऑक्टापॅडवाला
अनंत चतुर्दशी झाली की या. त्याआधी सख्ख्या भावालाही नाही देणार.