रक्तस्राव थांबला म्हणजे धोका टळला, असे नव्हे

माजावर आलेल्या कुत्रीचा रक्तस्राव आठ-दहा दिवसांत फिका पडला की तिला पूर्ववत मोकळे सोडावे, असा सल्ला काही जण देतात. त्याच्याशी मी मुळीच सहमत नाही, कारण नेमक्या त्याच सुमारास ती नराला स्वीकारू लागते. माज साधारणपणे 3 आठवडे टिकतो, शिवाय नराचे शुक्राणू तिच्या शरीरात काही दिवस जिवंत राहत असल्यामुळे एकच चूकही पुरेशी ठरते. म्हणून पहिला डाग दिसलेली तारीख दिनदर्शिकेवर लिहावी आणि त्यानंतर किमान 4 आठवडे तिला साखळीशिवाय दाराबाहेर नेऊ नये.

आमच्या कोल्हापुरात बैठ्या घरांच्या परड्यांना, म्हणजे मागच्या अंगणांना, जेमतेम छातीएवढी भिंत असते आणि गल्लीतले नर ती सहज ओलांडतात, त्यामुळे परड्यात बांधून ठेवणे म्हणजे सुरक्षित ठेवणे नव्हे. तिला घरातच ठेवावे. रंकाळा तलावावरची फेरीही तेवढे दिवस टाळलेली बरी. घरात तिचाच भाऊ किंवा मुलगा असेल, तर त्यालाही वेगळे ठेवावे लागते, हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही. कुत्रीला घातलेला लंगोट केवळ फरशी स्वच्छ राखतो, समागम रोखत नाही.

माज पुढे ढकलणारी संप्रेरकांची इंजेक्शने कृपया टाळावीत, कारण त्यांमुळे गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो आणि तो जिवावर बेतू शकतो. पिल्ले नकोच असतील, तर माज संपल्यावर 2 ते 3 महिन्यांनी नसबंदी करून घ्यावी.