भावाची ताकद जास्त, मग पाय माझ्या आधी काऊन थकतात?

फुटाळा_रनर: मी रोज सकाळी अंबाझरीकडे पळतो, भाऊ जिममध्ये भारी स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन उठाबशा) मारते. पण वॉल सिट केलं, म्हणजे भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं थांबलं की त्याचेच पाय आधी थरथरतात, असं काऊन?

सीताबर्डी_लिफ्टर: त्याचं वजन किती आहे ते पण पाहा ना, वॉल सिटमध्ये स्वतःचंच वजन पेलायचं असते. बाकी जड वजनानं फास्ट ट्विच, म्हणजे झटक्यात जोर लावणारे स्नायूंचे तंतू जाड होतात, जोर भरपूर येते पण ते लवकर थकतात, अन् तुझ्या पायात मायटोकॉन्ड्रिया (पेशीत ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे भाग) अन् केशवाहिन्या (एकदम बारीक रक्तवाहिन्या) जास्त म्हणून ऑक्सिजन पोचत राहते.

धरमपेठ_फिजिओ: तुलना कशी करता त्यावर आहे सगळं. दोघांना सारखंच २० किलो धरायला लावलं तर भाऊच जास्त टिकेल बहुतेक, कारण त्याच्यासाठी ते हलकं. पण दोघांनी आपापल्या कमाल ताकदीच्या ५० टक्के जोर लावला तर त्याचा स्नायू आतून जास्त दाबतो, रक्तवाहिन्या चेपतात, रक्त कमी पोचतं अन् तो आधी सोडतो.

फुटाळा_रनर: म्हणजे मी वजन उचलूच नको का?

धरमपेठ_फिजिओ: उचल ना राजा! आठवड्यातून २ दिवस जड स्क्वॉट केले तर त्याच वेगाला ऑक्सिजन कमी लागतो, फक्त लाँग रनच्या आदल्या दिवशी नको.